वंगणाची नळी

बैलगाडीच्या काळात गाडीखाली बांबूची एक नळी टांगलेली असे. तिच्यात वंगण भरलेलं असायचं. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान खाली उतरायचा, आखाला बोटभर वंगण लावायचा आणि पुढच्या वाटेला लागायचा. त्यावरून बैलांची निष्ठा कमी पडली असं कुणी म्हटलं नाही, की गाडीच खोटी निघाली असंही नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की मध्ये काहीतरी ओशट लागतं, एवढी साधी गोष्ट होती ती.

लुब्रिकंटला मराठीत शब्द हाच आहे, वंगण. पण शरीरसंबंधांच्या बोलण्यात तो आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ग्रीसचा डबा उभा राहतो. म्हणून डॉक्टर ‘जेली’ म्हणतात, जाहिराती ‘ल्यूब’ म्हणतात आणि मेडिकलच्या काउंटरवर उभं असलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा काहीच म्हणत नाही, मोबाइलवरचा फोटो पुढे करतं. दुकानदारही तितक्याच मुकाट्याने नळी वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकतो. मधुमेहाच्या गोळ्यांना ही काळी पिशवी मिळत नाही.

गंमत अशी की या नळीचा जन्म अत्यंत प्रतिष्ठित जागी झाला. न्यूयॉर्कच्या व्हॅन हॉर्न अँड सॉटेल या औषध कंपनीने १९०४ मध्ये ‘के-वाय जेली’ बाजारात आणली ती शल्यचिकित्सकांसाठी. शरीरात उपकरणं किंवा नळ्या सरकवताना रुग्णाला इजा होऊ नये, आणि काम झाल्यावर जेली पाण्याने धुऊन जावी, एवढाच हेतू. सुरुवातीच्या कृतीत ट्रॅगाकंथ नावाचा डिंक होता. आपल्याकडे उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात तो गोंद कतीरा याच जातीचा. १९१७ मध्ये हा माल जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेला आणि पुढची कित्येक दशकं डॉक्टरांच्या टेबलावरच राहिला. चिठ्ठीशिवाय तो कुणालाही विकत घेता येऊ लागला १९८० मध्ये. म्हणजे तपासणीच्या टेबलापासून पलंगापर्यंतचं अंतर कापायला त्या नळीला शहात्तर वर्षं लागली. तपासणी दोन मिनिटांची असते, तरी तिथे वंगण आवश्यक मानलं गेलं. शयनगृहात मात्र ते ‘काहीतरी बिघडल्याचं’ लक्षण ठरलं.

हा गैरसमज आला कुठून? त्याचं मूळ एका जुन्या प्रश्नात आहे: स्त्रीच्या शरीरात समागमाच्या वेळी ओलावा येतो, तो नेमका कुठून?

डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन याने १६७७ मध्ये योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या दोन लहान ग्रंथींचं वर्णन केलं. त्यांना आजही त्याचंच नाव आहे. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ओलाव्याचं श्रेय कधी या ग्रंथींना, तर कधी गर्भाशयाच्या मुखाला दिलं जात होतं. मग अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षणं सुरू केली. ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष त्यांत स्वेच्छेने सहभागी झाले. पारदर्शक उपकरणातून आतली चित्रं टिपण्यात आली आणि १९६६ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने बाहेर आले. उत्तेजना सुरू झाल्यापासून १० ते ३० सेकंदांत योनीच्या भिंतींवर बारीक थेंब उमटतात, उन्हाळ्यात कपाळावर घाम यावा तसे. योनीच्या भिंतीत ग्रंथीच नाहीत. उत्तेजनेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि रक्तातला पातळ द्रव भिंतीतून पाझरून वर येतो. माठ पाझरतो, त्यातलाच प्रकार.

ही माठाची उपमा धरून ठेवावी, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. पाझरणं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: रक्तपुरवठा, भिंतीची जाडी व लवचिकता, आणि त्या दोन्हींना सांभाळणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक. यातलं काहीही हललं तर ओल कमी होते, मनात कितीही प्रेम असो. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढलेलं आणि इस्ट्रोजेन घटलेलं असतं. कोरडेपणा हा त्या दिवसांचा नेहमीचा पाहुणा. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या काही अँटिहिस्टामिन गोळ्या नाक कोरडं करतात तसं बाकीच्या ओल्या जागांनाही सोडत नाहीत. नैराश्यावरची काही औषधं उत्तेजनेवरच परिणाम करतात. स्तनांच्या कर्करोगानंतर दिली जाणारी अरोमाटेज रोखणारी औषधं इस्ट्रोजेन जवळपास संपवून टाकतात. आणि पाळी जाण्याचा काळ तर आहेच. भारतात तो सरासरी ४६-४७व्या वर्षी येतो, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं लवकर. तिथून पुढे योनीचं अस्तर पातळ होतं, पाझर मंदावतो, जळजळ होते, लघवीच्या तक्रारी सुरू होतात. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना यातलं काही ना काही जाणवतं. या साऱ्या लक्षणांना मिळून वैद्यकशास्त्राने २०१४ मध्ये एक नवं एकत्रित नाव दिलं. जुन्या नावात योनी ‘वाळून आक्रसण्याचा’ उल्लेख होता, आणि तपासणीच्या खोलीत ते नाव उच्चारणं डॉक्टरांनाही जड जात होतं.

घरात मात्र या शरीरशास्त्राचा हिशेब वेगळाच मांडला जातो. ओल नाही, म्हणजे इच्छा नाही. इच्छा नाही, म्हणजे मी नकोसा झालो. किंवा हिचं मन दुसरीकडे आहे. बायको मनातल्या मनात स्वतःला दोष देते, नवरा रुसतो, आणि पुढच्या वेळी दोघेही आधीच धास्तावलेले असतात. धास्तीने रक्तपुरवठा आणखी घटतो. मेरेडिथ चिव्हर्स या कॅनडातल्या संशोधिकेने सहकाऱ्यांसह १३२ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये तपासलं, की मनाला वाटणारी उत्तेजना आणि जननेंद्रियांत मोजलेली उत्तेजना किती जुळते. अजिबात न जुळणं म्हणजे ० आणि तंतोतंत जुळणं म्हणजे १ धरलं, तर पुरुषांत हा आकडा ०.६६ निघाला आणि स्त्रियांत अवघा ०.२६. मन पुढे धावतं आणि शरीर मागे राहतं, किंवा नेमकं उलटंही होतं. त्यामुळे कोरडेपणावरून नकार वाचणं जसं चूक, तसंच ओलाव्यावरून होकार गृहीत धरणंही चूक. होकार तोंडाने विचारावा लागतो. त्याला कुठल्याही ग्रंथीचा किंवा पाझराचा दाखला चालत नाही.

आता नळीकडे येऊ. ती खरंच उपयोगी पडते का?

ब्रिटनमध्ये २०१० ते २०१२ या काळात झालेल्या लैंगिक वर्तनाच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या १६ ते ७४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ७.५ टक्के जणींनी आदल्या वर्षात तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ समागमाच्या वेळी दुखत असल्याचं सांगितलं. या दुखण्याशी कोरडेपणाचं नातं स्पष्ट दिसत होतं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या डेबी हर्बेनिक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून थेट आहे. २,४५३ स्त्रियांना सहांपैकी एकेक वंगण वापरायला देऊन त्यांच्याकडून रोजच्या रोज नोंदी घेतल्या. वंगण वापरलेल्या दिवशी सुख आणि समाधान दोन्ही वरच्या बाजूला गेलं, एकटीने असो वा जोडीदाराबरोबर. आणि दुखणं, आग होणं अशा तक्रारी वंगण न वापरलेल्या दिवसांपेक्षा कमी निघाल्या. यातल्या बहुतेक स्त्रिया काही ‘रुग्ण’ नव्हत्या. हर्बेनिक यांच्याच २०१४च्या पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी वंगण वापरल्याचं सांगितलं, आणि कारणांत ‘आराम’ या शब्दाच्या शेजारीच ‘मजा’ हा शब्द होता.

‘मजा’ या कारणाला आपल्याकडे अजून डॉक्टरी चिठ्ठी लागते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं, तेव्हा समागम हा संततीसाठीच नव्हे तर सुखासाठीही असतो, आणि त्या सुखावर बाईचाही हक्क आहे, एवढं म्हटल्याबद्दल त्यांना आयुष्यभर किंमत मोजावी लागली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. शंभर वर्षांत प्रश्न तेच राहिले आहेत; फक्त ते आता रात्री उशिरा मोबाइलवर टाइप होतात.

त्या प्रश्नांपैकी सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा खोबरेल तेलाचा असावा. घरात आहे, स्वस्त आहे, ओळखीचं आहे, मग नळी कशाला? याचं उत्तर ‘कंडोम वापरता का?’ या प्रतिप्रश्नात आहे. संत्र्याची साल फुगलेल्या फुग्यावर पिळण्याचा खेळ लहानपणी अनेकांनी खेळलेला असतो: सालीतल्या तेलाचा फवारा बसला की फुगा फट्‌कन फुटतो. फुग्याचं रबर आणि कंडोमचं लॅटेक्स एकाच घराण्यातलं. तेल त्या रबरात शिरतं, ते फुगतं, सैल होतं आणि ताणाखाली फाटतं. ब्रूस व्होलर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं, की खनिज तेलाचा अवघ्या ६० सेकंदांचा संपर्क लॅटेक्स कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटवू शकतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. कंडोम तसाच गुळगुळीत, तसाच पारदर्शक. खोबरेल, बदाम तेल, लोणी, बेबी ऑइल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, सगळ्यांना हाच नियम. योनीत लावायच्या काही औषधी क्रीममध्येही खनिज तेल असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. नायट्राइलपासून बनवलेल्या स्त्रियांच्या कंडोमला मात्र तेलाचं वावडं नाही.

कंडोम वापरायचा नसेल तर? तरीही व्हॅसलीन टाळलेलंच बरं. लॉस एंजेलिसमधल्या १४१ स्त्रियांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, योनीत पेट्रोलियम जेली वापरणाऱ्यांत जिवाणूंचा समतोल बिघडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक दिसलं. खोबरेल अनेकींना मानवतं, त्रास होत नाही आणि कंडोमचा प्रश्न नाही, तर त्याला हरकत घेण्याचं कारण नाही. मात्र वारंवार खाज किंवा बुरशीचा संसर्ग होत असेल तर संशयाची पहिली सुई तेलाकडे वळवावी. आणि थुंकी? सिनेमात चालते. प्रत्यक्षात ती क्षणात वाळते, निसरडेपणा फारसा देत नाही आणि तोंडातले जंतू नको तिथे नेते.

बाजारात मुख्यतः दोन जाती उरतात. पाण्यावर आधारलेलं वंगण हे सगळ्यांत सोयीचं: कंडोमला चालतं, कपड्यांवरून धुऊन निघतं, स्वस्त असतं. पाण्याला घट्टपणा देण्यासाठी त्यात वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेला घटक असतो, आणि ते लवकर वाळू नये म्हणून बहुधा ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल. सिलिकोनचं वंगण त्वचेत मुरत नाही, वाळत नाही, पाण्याखालीही टिकतं. लॅटेक्सला ते पूर्ण सुरक्षित आहे. १९९१ मध्ये ‘कामसूत्र’ने कंडोमच्या जाहिरातींत खळबळ उडवली, त्याच्याही खूप आधीपासून जगभर कंडोमना कारखान्यातच सिलिकोन तेल लावलं जात होतं. आपल्याकडे १९६८ मध्ये आलेला सरकारी निरोध मात्र सुरुवातीला कोरडा असे. वंगण लावलेले प्रकार नंतर आले. कुटुंबनियोजनाच्या त्या अफाट मोहिमेत लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगला, पण बाईला दुखत असेल का, हा विचार त्या भिंतींवर कुठे दिसला नाही. सिलिकोनच्या दोन खोडी सांगायला हव्यात: चादरीवरचा डाग हट्टी असतो, आणि ते फरशीवर सांडलं तर पाय घसरून हाड मोडण्याची हमखास सोय होते. सिलिकोनच्याच खेळण्यांचा पृष्ठभागही ते खराब करू शकतं.

नळीवरची जाहिरात वाचण्यापेक्षा बारीक अक्षरं वाचणं कसं महत्त्वाचं आहे, हे कैरीच्या लोणच्यावरून कळतं. फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. मिठाने फोडींतलं पाणी बाहेर ओढलेलं असतं. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल ठासून भरलेलं वंगण योनीच्या नाजूक पेशींशी हेच करतं. कुठलाही द्रव असं पाणी किती जोराने ओढेल, हे त्याच्या ऑस्मोलॅलिटीवरून ठरतं. रक्ताची ती साधारण २९० असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वंगणाची ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० च्या आत असावी, आणि तशी उत्पादनं सहज मिळेपर्यंत निदान १,२०० च्या वर जाऊ नये. बाजारातली काही लोकप्रिय वंगणं कित्येक हजारांत मोजतात. ‘गरम संवेदना’ देणारी तर विशेष. लावताना गुळगुळीत आणि दुसऱ्या दिवशी आणखी कोरडं, अशी तक्रार असेल तर दोष शरीराचा नसून लोणच्याचा असू शकतो. त्याच सल्ल्यात आम्लतेचाही विचार आहे: प्रजननवयात योनीचा पीएच ३.८ ते ४.५ असतो, तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तो तसा राखतात, म्हणून योनीसाठीच्या वंगणाचा पीएच ४.५ च्या आसपास हवा. सुगंध, चव, झिणझिण्या यांच्या मागे लागू नये. स्ट्रॉबेरीचा वास नाकाला येतो, त्वचेला त्याचा काही उपयोग नसतो.

एक धडा तर फार महागात शिकावा लागला. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक एचआयव्हीलाही मारेल अशा आशेने बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर त्याच्या जेलची चाचणी झाली. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत निकाल जाहीर झाला तो उलटा होता: वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत संसर्ग वाढला होता, कारण त्या रसायनाने योनीचं अस्तरच सोलवटलं होतं. नळीवर हे नाव दिसलं तर ती परत ठेवावी.

गुदमैथुनात वंगण ही चैन नसून गरज असते. गुदाशयाला समागमासाठी ओल निर्माण करण्याची सोय निसर्गाने दिलेलीच नाही, अस्तर एका थराचं आणि हळवं. कोरड्या घर्षणाने चिरा पडतात, कंडोम फाटतो, आणि एचआयव्हीला वाट मिळते. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींपर्यंत कंडोमच्या जोडीने वंगणही पोचवलं जातं. ३७७ कलमाबाबतचा निकाल २०१८ मध्ये लागला, त्याच्या कितीतरी आधीपासून कार्यकर्ते ही छोटी पाकिटं खिशात घालून हिंडत होते. विवाहित जोडप्यांच्या हातात तसं पाकीट कुणी आपणहून ठेवत नाही.

वंगणाकडून जे होत नाही, तेही सांगितलं पाहिजे. ते घाईची भरपाई करत नाही. पाझराला जो वेळ लागतो तो द्यायचा नाही आणि नळी पिळून मोकळं व्हायचं, हा गैरवापरच. पाळी गेल्यानंतरचा रोजचा कोरडेपणा केवळ त्या वेळच्या वंगणाने भागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वापरायची योनीची मॉइश्चरायझर वेगळी मिळतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम पातळ झालेलं अस्तर पुन्हा सुधारू शकतं. स्नायू आपोआप आवळून घेतले जात असतील, आत बोटही जाऊ शकत नसेल, तर ती निराळी अडचण आहे. तिच्यावर फिजिओथेरपी आणि समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत. दुखतं म्हणून लिग्नोकेनची बधिर करणारी जेली लावण्याची युक्ती अनेक ठिकाणी चालते. ती वाईट युक्ती आहे. दुखणं हा शरीराचा निरोप असतो, तो ऐकायच्या आधीच तोंड बंद केलं तर इजा कळत नाही. शिवाय जोडीदारालाही बधिरता येते ती वेगळीच. आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांनी ध्यानात ठेवावं, की बरीचशी वंगणं, आणि थुंकीसुद्धा, शुक्राणूंची चाल मंदावतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यांच्यासाठी शुक्राणूंना मानवणारी वेगळी वंगणं असतात.

राहता राहिला वापर. सुरुवातीला चमचाभर पुरतं. ते बोटांवर घेऊन जरा ऊब आणावी, दोघांनाही लावावं, आणि आधीच लावावं, दुखायला लागल्यावर नव्हे. पाण्याचं वंगण मध्येच चिकट झालं की पहिली प्रतिक्रिया आणखी पिळण्याची असते आणि त्याचा लगदा होतो. खरं तर वाळलेलं असतं फक्त त्यातलं पाणी; निसरडेपणा देणारा घटक जागच्या जागी असतो. ओल्या बोटांचे दोन-चार थेंब लागले की ते पुन्हा जिवंत होतं. त्यासाठी वेगळी तयारी करायला नको. आपल्याकडे उशाशी पाण्याचा तांब्या असतोच.